तौलनिक कायदा शिकायचाय, पण तुलना म्हणजे नक्की काय करायचं?

तळटीप:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज पहिलाच धागा काढतेय. सांभाळून घ्या.

मी कायद्याच्या पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात शेवटच्या वर्षाला आहे. पुढे एलएल.एम. करायचंय आणि विषय तौलनिक कायदा घ्यायचा, हे जवळपास ठरलंय. अर्जासोबत दोन पानी संशोधन-आराखडा द्यावा लागतो. मी मोठ्या उत्साहाने लिहिला: ‘भारत, इंग्लंड, फ्रान्स आणि जर्मनी यांच्या करार कायद्यांचा तौलनिक अभ्यास’. चार देशांचे चार रकाने, खाली प्रस्ताव, स्वीकृती, प्रतिफल (वचनाच्या बदल्यात दुसऱ्याने द्यायचं काहीतरी), करारभंग अशा ओळी, आणि प्रत्येक चौकटीत त्या त्या देशाचं कलम. सरांनी समासात एकच ओळ लिहून परत केला: "हा तक्ता आहे. प्रश्न कुठे आहे?"

तीन दिवस त्या ओळीकडे बघतेय. कलमं शेजारी शेजारी ठेवणं म्हणजे तुलना नाही, तर मग तुलना म्हणजे काय? हा विषय शिकलेल्या कुणी सांगाल का, की वर्गात प्रत्यक्षात काय चालतं? परभाषा किती लागते? आणि घरचे विचारतात तो प्रश्न मीही विचारून टाकते: याचा उपयोग काय?

जुना_बाक:
चार देशांचा अख्खा करार कायदा दोन पानांत? त्याला चार जन्म लागतील, आणि पाचवा तळटिपा लिहायला. (हलकेच घ्या. तुमचा आयडी बघून राहवलं नाही.) सरांचं बरोबर आहे एवढंच म्हणतो. जाणकार येतीलच.

निळी_शाई:
मी हा विषय दोन वर्षं शिकले, त्यामुळे जरा पाल्हाळ लावते.

पहिल्या तासाला बाईंनी पुस्तक उघडलंच नाही. म्हणाल्या, गुडघाभर पाण्यात एक लहान मूल बुडतंय. काठावर एक अनोळखी माणूस उभा आहे. त्याला पोहायलाही नको, वाकून उचललं की झालं. तो उचलत नाही, बघत राहतो. कायदा त्याचं काय करतो?

इंग्लंडमध्ये साधारणपणे काहीच नाही. मूल त्याचं नसेल, त्याने ते पाण्यात ढकललं नसेल, सांभाळायची जबाबदारी घेतली नसेल, तर वाचवण्याचं कायदेशीर कर्तव्य नाही. फ्रान्समध्ये दंडसंहितेचं कलम २२३-६ आहे: एरवी पाच वर्षांपर्यंत कैद आणि ७५,००० युरोंचा दंड, आणि संकटातलं मूल पंधरा वर्षांखालचं असेल तर २०१८ पासून सात वर्षं आणि १,००,००० युरो. जर्मनीत दंडसंहितेच्या कलम ३२३-सी खाली एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड. वर्गात लगेच कुजबुज, इंग्रज कोरडे आणि फ्रेंच कनवाळू. बाई हसल्या आणि म्हणाल्या, "मग इंग्लंडमध्ये मुलं जास्त बुडतात का?"

तिथून पुढचा सगळा तास त्या एका प्रश्नावर गेला. कलम नाही म्हणजे कर्तव्य नाही, असं धरायचं का? जीवरक्षक, आईबाप, शिक्षक, स्वतः धोका निर्माण केलेला माणूस यांच्यावर इंग्लंडमध्येही कर्तव्य आहेच. वाचवायला गेलेला स्वतः जखमी झाला तर भरपाई कोण देणार? मग कुणीतरी भारताचं विचारलं. आपल्याकडे २०१९ साली मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ आलं. ते वाटसरूला मदत करायची सक्ती करत नाही. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर त्यापायी दिवाणी वा फौजदारी बालंट येणार नाही, एवढी हमी देतं. (गाडी चालवणाऱ्यावर कलम १३४ खाली कर्तव्य आहे, तो वेगळा मुद्दा.) ही तिसरीच वाट. फ्रेंच कायद्याला वाटतं की माणूस बेफिकिरीमुळे थांबत नाही, म्हणून शिक्षेचा धाक. आपल्या कायद्याला वाटतं की तो पोलीस-कोर्टाच्या फेऱ्यांना भिऊन थांबत नाही, म्हणून संरक्षण. कलमांच्या आड रोगाचं निदानच वेगळं आहे, आणि हे तक्त्यात कुठल्या चौकटीत लिहिशील?

आता तुझा तक्ता. ‘प्रतिफल’ या ओळीत जर्मनीच्या रकान्यात काय लिहिलंस? बहुतेक ‘लागू नाही’. तुझा प्रश्न त्या ‘लागू नाही’त लपलाय.

जर्मन कायद्यात प्रतिफल नावाची वस्तूच नाही. मग तिथे कुणीही तोंडाने काहीही कबूल केलं की कोर्ट ते वसूल करून देतं का? नाही. फुकट काही द्यायचं वचन असेल तर दिवाणी संहितेच्या कलम ५१८ प्रमाणे ते नोटरीपुढे दस्त करूनच द्यावं लागतं. इंग्लंडमध्ये तेच वचन ‘डीड’ (साक्षीदारापुढे सही केलेला औपचारिक दस्त) करून दिलं तर प्रतिफलाशिवाय बांधतं. आपल्या १८७२ च्या करार कायद्यात कलम २५ बघ: जवळच्या नात्यात, नैसर्गिक प्रेमापोटी, लेखी आणि नोंदणी केलेलं असेल तर प्रतिफल नसलं तरी चालतं. तिन्हीकडे युक्ती एकच, भावनेच्या भरात वचन देणाऱ्याला क्षणभर थांबवून विचार करायला लावायचं. एकाने त्यासाठी नोटरी बसवला, दुसऱ्याने डीड मागितलं, तिसऱ्याने नोंदणी. फ्रेंचांकडे ‘कोज’ (वचनामागचं कायद्याला मान्य कारण) नावाची संकल्पना होती, ती तर त्यांनी २०१६ च्या सुधारणेत संहितेतून काढूनच टाकली.

म्हणून प्रश्न असा विचारायचा नसतो की ‘जर्मनीत प्रतिफलाबद्दल काय कायदा आहे’. विचारायचा असा, की ‘कुठलं वचन कोर्टात टिकतं आणि कुठलं नाही, हे हा कायदा कसा ठरवतो’. पहिल्या प्रश्नात आपल्या कायद्याचा शब्द घुसलाय. दुसऱ्यात फक्त अडचण आहे, आणि ती सगळ्यांना सारखीच पडते. त्स्वायगर्ट आणि क्योट्झ या दोन जर्मन प्राध्यापकांच्या पाठ्यपुस्तकाने ही पद्धत घरोघर पोचवली. कायद्याचं नाव बघू नका, तो करतो ते काम बघा.

काळा_डगला:
वाचायला छान आहे. पण मी २२ वर्षं दिवाणी कोर्टात उभा राहतोय आणि एकाही न्यायाधीशाने मला आजवर ‘जर्मनीत काय करतात’ असं विचारलेलं नाही. विचारतात ते कलम आणि वरच्या कोर्टाचा निकाल. मुलीला खरं सांगायचं तर हा विषय प्राध्यापक व्हायचं असेल तरच घ्यावा. बाकी हौस.

परकी_पाने:
काळा_डगला, तुमच्या अनुभवाचा मान राखून एकच विचारतो. नोकरी सोडल्यावर स्पर्धकाकडे जायचं नाही, अशा अटीविरुद्ध तुम्ही करार कायद्याचं कलम २७ किती वेळा वापरलंत?

काळा_डगला:
मोजदाद नाही. नोकरी संपल्यानंतरची अट असेल तर ती शून्य. सरळ विषय आहे.

परकी_पाने:
तोच सरळ विषय इंग्लंडमध्ये सरळ नाही. तिथे अट वाजवी असेल तर टिकते, १८९४ च्या नॉर्डनफेल्ट खटल्यापासून. मग ‘इंग्रजांनी दिलेल्या’ आपल्या कायद्यात इतकं कडक कलम आलं कुठून? न्यू यॉर्कच्या डेव्हिड डडली फील्ड यांच्या दिवाणी संहितेच्या मसुद्यातून. खुद्द न्यू यॉर्कने तो मसुदा कधी स्वीकारलाच नाही. कॅलिफोर्नियाने स्वीकारला, आणि तोही १८७२ सालीच. म्हणून आज नोकरीनंतरच्या स्पर्धाबंदीबाबत आपला कायदा इंग्लंडपेक्षा कॅलिफोर्नियाच्या जवळचा आहे. इंग्लंडचे निवाडे दाखवत ‘वाजवीपणा’ची कसोटी कलम २७ मध्ये घुसवायला बघणारा वकील समोर आला, तर हे माहीत असलेलं बरं.

काळा_डगला:
हे माहीत नव्हतं. कबूल. पण बाकी मत कायम.

अर्धविराम:
वरचे सगळे प्रतिसाद वाचनखूण साठवण्याजोगे. मी माझी फजिती सांगते, त्यातून काहीतरी कळेल.

आमच्या परीक्षेत ‘तुलना करा’ असा प्रश्न नसायचाच. एक हकिगत द्यायचे आणि म्हणायचे, दोन कायद्यांखाली सोडवा. माझ्या पेपरात होतं: दोन कंपन्यांची खरेदीची बोलणी सहा महिने चालू आहेत, एकीने त्यासाठी बराच खर्च केलाय, आणि दुसरी ऐन सहीच्या आदल्या दिवशी काही कारण न देता उठून जाते. मी जर्मनीचं झोकात लिहिलं. जर्मन कायदेपंडित येरिंग यांनी १८६१ साली मांडलेला विचार, की बोलणी सुरू होताच दोघांमध्ये एक कायदेशीर नातं तयार होतं, आणि आता तो दिवाणी संहितेच्या कलम ३११ मध्ये आलाय. इंग्लंडसाठी लिहिलं: १९९२ चा वॉलफर्ड विरुद्ध माइल्स, सद्भावनेने बोलणी करण्याचं कर्तव्य नाही, सबब उपाय नाही. दोन ओळींत विषय संपवला.

त्या दोन ओळींचे गुण शून्य. परीक्षकाने लिहिलं होतं, "सद्भावनेचं दार बंद आहे, म्हणजे घराला दारच नाही?" खोटी माहिती देऊन बोलण्यात गुंतवलं असेल तर मिथ्यानिवेदनाचा दावा आहे. एका पक्षाच्या सांगण्यावरून काम करून दिलं असेल तर त्या कामाचा मोबदला मागता येतो. इंग्लिश कायदा एका मोठ्या तत्त्वाऐवजी चार-पाच छोटे तुकडे वापरतो, आणि मी तत्त्व शोधत बसले. जर्मन पुस्तक आधी वाचल्याचा परिणाम. उलट क्रमाने वाचलं असतं तर उलटी चूक केली असती.

दुसरी फजिती भाषेची. पॅरिसच्या सर्वोच्च न्यायालयाचे, म्हणजे कूर द कासासिओंचे जुने निकाल पहिल्यांदा वाचले तेव्हा वाटलं, पानं गहाळ झालीत. अख्खा निकाल एका वाक्यात, ‘अतांद्यू क’ म्हणजे ‘ज्याअर्थी’ने सुरू होणारे तुकडे एकापुढे एक, आणि शेवटी हुकूम. चर्चा नाही, वेगळं मत नाही. मी वहीत लिहिलं: ‘फ्रेंच न्यायाधीश कारणं देत नाहीत’. खरं तर कारणांचा खल निकालाबाहेर होतो, प्रकरणाची तयारी करणाऱ्या न्यायाधीशाच्या अहवालात, न्यायालयाला स्वतंत्रपणे मत देणाऱ्या महाधिवक्त्यांच्या मतात, आणि नंतर प्राध्यापक निकालावर जी टिपणं लिहितात त्यांत. आपल्याकडे हे सगळं एकाच निकालपत्रात असतं, म्हणून ते शेकडो पानांचं होतं. २०१९ च्या ऑक्टोबरपासून त्यांनी ती एकवाक्यी शैली सोडली, त्यामुळे आताच्या विद्यार्थ्यांचे हाल थोडे कमी.

त्यामुळे भाषेबद्दल माझं मत: बोलता आली नाही तरी चालेल, पण कायद्याचा मजकूर शब्दकोश घेऊन वाचता आला पाहिजे. अनुवाद दगा देतात, आणि सगळ्यात जास्त दगा ओळखीचा वाटणारा शब्द देतो. फ्रेंच ‘कोंत्रा’ म्हणजे करार असं आपण धरतो. पण तिकडे भेट देणं हाही करार आहे. इंग्लिश वकिलाला विचारलं तर तो म्हणेल, भेट आणि करार या दोन वेगळ्याच गोष्टी.

जुना_बाक:
अवांतर: ‘ट्रस्ट’ला ‘न्यास’ म्हटलं की जर्मन माणसाला जितपत कळतो तितपतच आपल्यालाही कळतो. :)

शंभर_कलमे:
परदेशी जायला कशाला हवं? गोव्याचा कायदा घ्या. १८६७ ची पोर्तुगीज दिवाणी संहिता तिथे लागू होती. गोवा १९६१ मध्ये भारतात आला, खुद्द पोर्तुगालने १९६६ साली नवी संहिता केली, आणि जुनी संहिता मायदेशी संपून गोव्यात जगली. उत्तराधिकाराचा भाग आता २०१२ च्या गोव्याच्या कायद्यात आहे, पण साचा तोच. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक, आणि मृत्युपत्राने मुलांना डावलून सगळंच कुणाला देता येत नाही, अर्धा हिस्सा राखीव. उलट हिंदू उत्तराधिकार कायद्याखाली स्वकष्टार्जित मिळकत माणूस मृत्युपत्राने वाटेल त्याला देऊ शकतो. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे प्रश्नच असा आला होता, की ही संहिता परकीय कायदा आहे का? उत्तर मिळालं: नाही. संसदेने १९६२ च्या कायद्याने ती चालू ठेवली, म्हणून ती भारतीय कायदा. घरचीच तुलना.

परकी_पाने:
+१. आणि यातून या विषयातल्या जुन्या भांडणाकडे जाता येतं. मराठीत ‘कलम’ शब्दाला दोन अर्थ आहेत, एक कायद्याचं आणि एक झाडाचं. परक्या झाडाचं कलम आपल्या मातीत लागतं का, यावर तौलनिक कायद्यातली निम्मी पुस्तकं लिहिली गेली असावीत. ॲलन वॉटसन यांनी १९७४ साली म्हटलं, कायदे सर्रास उसने घेतले जातात, बहुतेक कायद्यांचा इतिहासच उसनवारीचा आहे. पिएर लग्रां यांनी १९९७ साली उलट सांगितलं, कायद्याचे शब्द नेता येतात, अर्थ नेता येत नाही. अर्थ त्या समाजात रुजलेला असतो.

दोघांनाही तुर्कस्तानचं उदाहरण देता येतं, ही गंमत. १९२६ साली तुर्कस्तानने स्विस दिवाणी संहिता जवळपास उचलली. कायदा टिकला, वकील-न्यायाधीश त्यात घडले, म्हणजे वॉटसन बरोबर. पण नोंदणीविना धार्मिक पद्धतीने लग्नं होतच राहिली, आणि त्या मुलांना औरस ठरवायला संसदेला पुन्हा पुन्हा खास कायदे करावे लागले, म्हणजे लग्रां बरोबर. माझा कल वॉटसनकडे आहे, पण तुर्की उदाहरण आलं की मी जरा गप्प बसतो.

काळा_डगला:
एक गंभीर मुद्दा राहतोय. परकीय निकाल दाखवणारे आपल्याला हवे तेवढेच दाखवतात. २००५ च्या रोपर विरुद्ध सिमन्समध्ये, अल्पवयात केलेल्या गुन्ह्याला फाशी देता येईल का या प्रश्नावर, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बाहेरच्या जगाचा दाखला दिला. तेव्हा न्या. स्कॅलिया यांनी विरोधी मतात हेच सुनावलं होतं: पटतं तेव्हा परदेश, पटत नाही तेव्हा स्वदेश. मला ते न्यायाधीश फारसे पटत नाहीत, पण हा मुद्दा पटतो.

परकी_पाने:
मुद्दा खरा आहे, पण त्यावर औषध तुलना टाकून देणं नाही, पुरी करणं आहे. १९९५ चा मक्वान्याने खटला बघा. दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने फाशी रद्द केली. त्यांच्यापुढे आपला १९८० चा बच्चन सिंग निकाल होता, फाशी वैध ठरवणारा. त्यांनी तो दडवला नाही. वाचला, आणि का लागू नाही ते सांगितलं: भारताचा अनुच्छेद २१ कायद्याने प्रस्थापित प्रक्रियेने जीवित हिरावून घेण्याची शक्यता गृहीत धरतो, त्यांच्या घटनेतला जीविताचा हक्क तशी सवलत ठेवत नाही. न पटणारा निकाल समोर ठेवून फरक दाखवणं, ही प्रामाणिक तुलना.

आपली ‘मूलभूत संरचना’ घ्या, म्हणजे घटनेचा गाभा दुरुस्तीनेही बदलता येत नाही हा सिद्धांत. ‘जर्मनीतून आणली’ असं अर्धवट ऐकलेलं असतं. डीट्रिश कॉनराड या जर्मन अभ्यासकाने १९६५ साली बनारस हिंदू विद्यापीठात घटनादुरुस्तीच्या अंगभूत मर्यादांवर व्याख्यान दिलं, त्यातला विचार १९६७ च्या गोलकनाथ खटल्यात युक्तिवादात आला, आणि १९७३ च्या केशवानंद भारती निकालात न्या. खन्ना यांनी कॉनराड यांचा दाखला दिला. इथवर खरं. पण जर्मन मूलभूत कायद्यात, म्हणजे त्यांच्या घटनेत, अनुच्छेद ७९(३) काळ्यावर पांढरं सांगतो की अमुक गोष्टींना दुरुस्तीनेही हात लावता येणार नाही. आपल्या घटनेत असं कलमच नाही. १३ पैकी ७ न्यायाधीशांनी ते घटनादुरुस्तीच्या अनुच्छेद ३६८ मधल्या ‘दुरुस्ती’ या शब्दातून काढलं. बांगलादेशच्या न्यायालयाने १९८९ मध्ये तोच विचार स्वीकारला. उसनं घेतलेलं नाणं प्रत्येक टांकसाळीत पुन्हा पाडलं गेलं.

निळी_शाई:
(‘पांढऱ्यावर काळं’ म्हणायचं होतं बहुतेक. :) )

परकी_पाने:
हो हो. घाईत उलटं झालं.

तळटीप:
दोन दिवस सगळं पुन्हा पुन्हा वाचलं. सगळ्यांचे मनापासून आभार. तक्ता फाडला.

निळी_शाई ताईंचा ‘लागू नाही’ डोक्यात बसला होता. मग आपल्याच निकालांत शोधलं आणि एक जोडी सापडली. १८८६ चा केदारनाथ भट्टाचार्य विरुद्ध गौरी महमद: हावड्याच्या टाऊन हॉलसाठी वर्गणी देतो म्हणून सही केली, त्या भरवशावर बांधकामाचा करार झाला, कलकत्ता उच्च न्यायालयाने वर्गणी वसूल करून दिली. आणि १९१४ चा अब्दुल अझीझ विरुद्ध मासूम अली: मशिदीच्या दुरुस्तीसाठी देणगी कबूल केली, पण तिच्या भरवशावर काहीच काम झालं नव्हतं, अलाहाबाद उच्च न्यायालयाने नाही म्हटलं. म्हणजे आपल्याकडे वचन टिकतं की नाही हे दुसऱ्याने त्या वचनावर काय केलं, यावरून ठरतं. जर्मनीत, मला समजलं ते बरोबर असेल तर, वचन कसं दिलं यावर ठरेल.

नवा आराखडा: ‘सार्वजनिक कामासाठी कबूल केलेली देणगी: भारतीय आणि जर्मन कायदा ती केव्हा बंधनकारक मानतो’. दोनच देश. जर्मन ए-१ चा, म्हणजे पहिल्या पातळीचा, वर्ग लावलाय, वाचण्यापुरता.

निळी_शाई:
हे झकास आहे. एकच इशारा: कलम ५१८ वर थेट उडी मारू नकोस. आधी बघ, की सार्वजनिक कामासाठीची अशी देणगी जर्मन कायदा ‘दान’ या सदरात धरतो का, की तिला दुसरंच काही मानतो. नाहीतर अर्धविरामसारखी गत, दार बघितलं आणि घर राहिलं. ५१८ चा दुसरा परिच्छेदही वाच. वचन नोटरीविना दिलेलं असलं तरी रक्कम प्रत्यक्ष देऊन टाकली की ती उणीव भरून निघते.

अर्धविराम:
माझ्या फजितीचा दाखला झाला, आनंद आहे.

काळा_डगला:
दोन्ही निकाल मूळ अहवालात वाच, गाईडमधून नको. केदारनाथमध्ये वादी कोण होता आणि तो स्वतः कंत्राटदाराला किती जबाबदार होता, हे नीट टिपून ठेव. तुझा सगळा युक्तिवाद तिथे उभा राहील. काही अडलं तर व्यक्तिगत निरोप कर.

तळटीप:
नक्की करते, काका. उद्याच ग्रंथालयात जातेय.